बैठ जाएगा, साब!

ग्वाल्हेरच्या मुरारमध्ये कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला बसते. बसत नसेल तर बसवतात, आणि बसवूनही बसली नाही तर ‘अभी नई है, चलते-चलते बैठ जाएगी’ असं सांगून गिऱ्हाइकाला खाली बसवतात. आमच्या घरच्या कूलरचा पंखा एका कंपनीचा, मोटर दुसऱ्या कंपनीची आणि पाण्याचा पंप कुठल्याशा बंद पडलेल्या कारंज्यातला आहे. मे महिन्यात तो तिघांच्या वतीने एकच आवाज काढतो. त्यामुळे माझ्या भाच्याने जेव्हा जाहीर केलं की आपण मारुती ८०० ला स्विफ्टचे पुढचे ब्रेक बसवणार, आणि तेही गाडीला आहेत त्याच चाकांच्या आत, तेव्हा गल्लीत कुणी दचकलं नाही. फक्त माझी आई म्हणाली, “अरे, पण आहेत ते ब्रेक लागत नाहीत का?” हा प्रश्न पुढच्या सबंध प्रकरणात कुणीही पुन्हा विचारला नाही.

आधी तपासायचं आणि मग बसवायचं, याचं ग्वाल्हेरच्या इतिहासातलं एकच उदाहरण मला माहीत आहे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली जयविलास महाल बांधून घेतला. त्याच्या दरबार हॉलात दोन झुंबरं आहेत, एकेक सुमारे साडेतीन टनांचं. एवढं ओझं छताला पेलेल की नाही, हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले, असं सांगतात. कुणी आठ हत्ती म्हणतं, कुणी दहा. सांगणारा जितका जुना सरदार घराण्यातला, तितके हत्ती वाढतात. छत टिकलं, झुंबरं लागली, ती आजही लटकताहेत. आणि त्या दिवशी या शहराने बहुधा ठरवून टाकलं की तपासणीचा आपला कोटा संपला.

आता गाडीविषयी. ती भाच्याची नाही, माझ्या मेव्हण्यांची आहे. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाला मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची कारखान्यातून बाहेर पडली. मेव्हण्यांची गाडी या दोन्ही टोकांच्या मधली. कारखान्यातून तिला बारा इंची चाकं आली होती, पुढे छोटी डिस्क आणि मागे ड्रम. या साहित्यावर मेव्हण्यांनी नोकरी केली, दोन मुलांची लग्नं केली, आणि ते कधीही कुणावर आदळले नाहीत. आदळण्याइतका वेग ते घेतच नाहीत. त्यांची ब्रेकची पद्धत अशी की चौराहा शंभर पावलांवर दिसला की ते ॲक्सिलरेटर सोडतात आणि श्लोक म्हणायला लागतात. दुसरा चरण संपेपर्यंत गाडी आपणहून थांबते.

भाच्याने गाडी हातात आल्यावर सगळ्यात आधी चाकं बदलली. तेरा इंची अलॉय, पाच बारीक आरे, चंदेरी. इथेच सगळा घोळ सुरू झाला. जुन्या लोखंडी चाकाला भोकं असतात ती बोटभर. आत ब्रेक आहे की उंदराचं बीळ आहे, हे बाहेरून कळत नाही. अलॉयच्या पाच आऱ्यांतून मात्र आतलं सगळं दिसतं, आणि दिसलं काय, तर पोकळ अंधार आणि मधे बशीएवढी डिस्क. “मामा, बघा ना, किती गरीब वाटतं,” भाचा म्हणाला. मी बघितलं. पाच आऱ्यांच्या त्या भव्य महिरपीतून ती बिचारी तबकडी ओशाळून बाहेर बघत होती. ब्रेक कमी लागतो, अशी तक्रार त्याने त्या दिवशी केली नव्हती. ती नंतर, उस्ताद मेकॅनिककडे जाताना, रस्त्यात तयार झाली.

यावर बाजारात एक सोपा उपाय मिळतो: लाल प्लास्टिकचं टोपण. आपल्या मूळ कॅलिपरवर ते चिकटवायचं. त्यावर पांढऱ्या अक्षरात ब्रेम्बो असं लिहिलेलं असतं, म्हणजे इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेल्या, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचं नाव, फक्त कधीकधी त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. आमच्या सदर बाजारातून अशी टोपणं लावलेल्या चारदोन गाड्या रोज संध्याकाळी मिरवतात. भाच्याने हा उपाय तुच्छतेने फेटाळला. “दिखावा नको, मामा. असली पाहिजे.” दिखाव्यासाठी असली वस्तू हवी असण्याला आपल्याकडे तत्त्वनिष्ठा म्हणतात.

असली वस्तू दिल्लीच्या मायापुरीतून आली. मायापुरी हे मोटारींचं गयाधाम. देशभरातल्या गाड्या तिथे देह ठेवतात आणि त्यांचे अवयव पुन्हा देशभर संचार करतात. एका अपघातग्रस्त स्विफ्टच्या पुढच्या दोन तबकड्या, दोन कॅलिपर आणि त्यांचे ब्रॅकेट पोत्यात बांधून आले. गाडी अपघातात सापडलेली होती, म्हणजे तिचे ब्रेक एकदा तरी अपुरे पडले होते, हा मुद्दा मी मांडला. तो अपशकुनी ठरवण्यात आला.

उस्तादचं दुकान बारादरी चौराह्याच्या अलीकडच्या गल्लीत आहे. दुकानाला पाटी नाही. जो हरवतो त्याला कुणीही बोट दाखवतं. मुरार ही मूळची छावणी. १८८६ मध्ये इंग्रजांनी किल्ल्याबरोबर ती शिंद्यांना परत केली आणि बदल्यात झाशी घेतली. पण छावणीची सवय इथल्या हवेतून गेली नाही: चार माणसं जमली की युद्धमंडळ भरतं. उस्तादच्या बाकावर एक निवृत्त सुभेदारसाहेब, एक वकीलसाहेब, पटवारीच्या परीक्षेची तयारी करणारे दोन तरुण आणि शेजारचा पंक्चरवाला असं मंडळ कायम असतं. गाडी कुणाची का असेना, निर्णय मंडळ घेतं. पैसे गाडीवाला देतो.

पोतं उघडून उस्तादने तबकडी उचलली, उजेडात धरली, एका डोळ्याने चाकाकडे पाहिलं, दुसऱ्याने भाच्याकडे, आणि निकाल दिला, “बैठ जाएगा, साब.”

मंडळाने माना डोलावल्या. झाशी परत मिळाली असती तरी इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नसतं.

पहिली अडचण भोकांची निघाली. ८०० च्या चाकाला चार बोल्ट असतात, स्विफ्टच्याही चाकाला चारच. मंडळाला एवढं पुरेसं होतं. पण ८०० चे चार बोल्ट ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि स्विफ्टचे १०० मिलिमीटरच्या. धाकट्या गाडीचं वर्तुळ मोठं, थोरल्या गाडीचं लहान. यात कंपनीचं काय गणित होतं ते कंपनीला ठाऊक, पण स्विफ्टची तबकडी ८०० च्या हबवर चढेना. उस्ताद जरासुद्धा विचलित झाला नाही. जुन्या भोकांशेजारीच नवी भोकं पाडली तर दोन्ही एकमेकांत घुसतील, म्हणून त्याने तबकडी पंचेचाळीस अंशांत फिरवली आणि खरादवाल्याकडून जुन्या चार भोकांच्या मधोमध नवी चार पाडून आणली. तबकडीला आता आठ भोकं झाली. चार स्विफ्टची, चार आमची. हे काम, खरं सांगतो, फार सुरेख झालं होतं. या माणसाला कारखान्यात कुणी योग्य वेळी घेतलं असतं तर त्याने विमान केलं असतं. आता तो विमानाला ट्रॅक्टरचं काहीतरी बसवेल.

दुसरी अडचण खरी होती. तेरा इंची चाक म्हणजे ३३० मिलिमीटर. पण हे माप टायर जिथे टेकतो तिथलं. टायर चढवता यावा म्हणून रिमला मधे खोल चर दिलेला असतो, तो आतल्या बाजूला उतरतो. शिवाय धातूची जाडी. आत मोकळा व्यास उरतो तो २९० च्या आसपास. तबकडी २५० च्या घरातली. म्हणजे कडेला चहूबाजूंनी वीस-वीस मिलिमीटर मोकळे. भाच्याने टाळी वाजवली. पण तबकडी एकटी फिरत नाही. तिला चिमटीत धरणारा कॅलिपर तिच्या कडेवरून पलीकडे ओणवा झालेला असतो आणि त्याची पाठ कडेच्या वर तिसेक मिलिमीटर निघते. वीसच्या जागेत तीस बसवायचे होते. आमच्या हजीरा भागातल्या टेम्पोवाल्यांना हे रोज जमतं. ॲल्युमिनियमला जमत नाही.

कागदावरच्या हिशोबावर भाच्याचा विश्वास बसेना, म्हणून प्रत्यक्ष प्रयोग ठरला. त्यासाठी जगभरचे मोटारवेडे मुलांच्या खेळण्यातली माती वापरतात. कॅलिपरच्या पाठीवर ती थापायची, चाक चढवून सावकाश फिरवायचं, चाक उतरवून माती किती दबली ते सुई टोचून मोजायचं. निदान तीन मिलिमीटर जाडी उरली पाहिजे, कारण वळणावर चाक किंचित वाकतं आणि अलॉयच्या आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या शिशालाही जागा लागते. मुरारमध्ये ती माती मिळाली नाही. भाचा थेट आमच्या स्वयंपाकघरात आला.

“मामी, दोन लिंबांएवढी कणीक द्या ना.”

“पोळी हवीय का? करून देते की.”

“नको, ब्रेकला लावायचीय.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून माझ्या घरच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, माणसांविषयी तिचं जे मत आहे त्याला त्या क्षणी लेखी पुरावा मिळाला. तिने कणीक दिली, पण वरून तेलाचा हात लावून दिला. “चिकटायला नको,” म्हणाली. सबंध प्रकल्पातली ही एकमेव तांत्रिकदृष्ट्या निर्दोष सूचना होती.

कणीक थापली. चाक उचललं. चाक कणकेपर्यंत पोचलं, कणीक सगळीच्या सगळी खरवडून खाली पडली, आणि मागून लोखंडावर ॲल्युमिनियम आपटल्याचा स्वच्छ आवाज आला. मोजायला कणीक उरलीच नव्हती. गल्लीतल्या कुत्र्याने ती नेली आणि मंडळाने तातडीची बैठक घेतली.

तीन ठराव आले. उस्तादचा ठराव, कॅलिपरची पाठ थोडी घासावी: “थोड़ा सा घिस देंगे, क्या फ़रक पड़ता है.” फरक पडतो. कॅलिपरची पाठ म्हणजे दोन्ही पॅडना एकमेकांकडे ओढून धरणारा पूल. आपण पेडल दाबतो तेव्हा सगळा ताण त्या पुलावर येतो. तो पातळ केला की कॅलिपर जबडा फाकवतो आणि पॅडची पकड हवेत जाते. वकीलसाहेबांचा ठराव, हब आणि चाकाच्या मधे स्पेसर घालून चाक बाहेर सरकवावं. यात आऱ्यांना जागा मिळते, पण अडचण आऱ्यांची नव्हती, रिमच्या गोलाईची होती. चाक कितीही बाहेर सरकवा, त्याचा घेर वाढत नाही. शिवाय नटाला बोल्टचे आटे कमी मिळतात आणि बेअरिंगला ओझं जास्त. सुभेदारसाहेबांचा ठराव होता, चौदा इंची चाकं घ्या. हा एकच ठराव बरोबर होता आणि नेमका तोच फेटाळला गेला, कारण अलॉय मामेबहिणीच्या लग्नातल्या आहेराच्या पैशांतून घेतले होते आणि ते बदलणं म्हणजे सोयरिकीचा प्रश्न होता.

इथे मी थोडं बोललो. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण मुरारमध्ये ही अट नसते.

मोठ्या तबकडीचा फायदा खोटा नाही. पॅडची पकड केंद्रापासून जितकी लांब, तितका त्याच दाबात चाकावर जास्त पीळ पडतो. पण चाक थांबणं आणि गाडी थांबणं या दोन निराळ्या घटना आहेत. गाडी थांबते ती टायर आणि डांबर यांच्यातल्या पकडीवर. तुमचा आहे तो ब्रेक जर चाक जागच्या जागी आवळून टायर घसटवू शकत असेल, तर त्याहून मोठा ब्रेक फक्त तेच काम कमी कष्टात करेल, कमी अंतरात नाही. कोरड्या, बऱ्या डांबरावर ताशी ८० वरून थांबायला तीसएक मीटर लागतात. त्याआधी डोळ्यांनी म्हैस पाहायची, मेंदूला कळवायचं, पाय उचलायचा, यात एक सेकंद गेला तर आणखी २२ मीटर. या बावीस मीटरांवर जगातला कुठलाही ब्रेक काम करत नाही. चालकाच्या हातात मोबाइल असेल तर त्यांचे पन्नास होतात.

मोठ्या तबकडीचं खरं काम उष्णतेचं. दोन माणसांसह आठशे किलोंची गाडी ताशी ८० वरून थांबवली की सुमारे दोन लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेत अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी उकळतं. म्हणजे एकदा कचकन ब्रेक मारला की मंडळातल्या चौघांचा चहा झाला. लहान, पातळ तबकडी तेवढ्याने पन्नासेक अंशांनी तापते. एकदा तापली तर हवेने निवते. पण घाटात, शर्यतीत, लागोपाठ आठ-दहा वेळा असं झालं की पॅड करपतात, पेडल दाबलं जातं आणि गाडी मात्र ऐकत नाही. मोठ्या तबकडीत लोखंड जास्त, हवा लागायला जागा जास्त, म्हणून ती उशिरा तापते. एवढंच.

हे शोधायलासुद्धा माणसाला वेळ लागला. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिलं की उतारावर गाडीवान चाकाच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचे तळवे ठोकतात. त्यातून त्याने ब्रेकच्या अस्तराचा धंदा उभा केला, आणि फेरोडो हे नाव आजही डब्यांवर दिसतं. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याच्या तांब्याच्या अस्तराची किंकाळी अशी की गाडी थांबण्याआधी रस्ता रिकामा होत असे. मला तो माणूस मुरारसाठी अगदी योग्य वाटतो. मग १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार डिस्क ब्रेक लावून उतरली आणि सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर राहून जिंकली. दर फेरीला प्रचंड वेगावरून वळणात शिरायचं, चोवीस तास. तिथे तापणं हाच प्रश्न होता.

आमच्याकडे सात नंबर चौराह्यापासून ठाटीपूरपर्यंत ताशी ८० गाठून दाखवणाऱ्याला मी आहेराचं पाकीट द्यायला तयार आहे. या रस्त्यावर ब्रेक गाडीत कमी आणि जमिनीत जास्त आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, गोलाई सतरा मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ ने गाडी सुखरूप पार होते. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका लग्नघराने उरलेल्या सिमेंटमधून घातला आहे. रुंदी एक वीत, उंची वधूपित्याच्या स्वभावाप्रमाणे. त्यावरून ताशी पाचने गेलं तरी खिशातली चिल्लर बाहेर येते. शिवाय ई-रिक्षा आहेत, ज्या थांबण्यासाठी बाजूला येत नाहीत, बाजूला येण्यासाठी थांबतात. त्यांच्यामागे जगायचं तर ब्रेक नव्हे, अंतर्ज्ञान लागतं.

“आणि किल्ला, मामा? उरवाई दरवाजाचा उतार?” भाच्याने हुकमी पान टाकलं. ग्वाल्हेरकराला किल्ल्याचं नाव घेऊन गप्प करता येतं.

प्रश्न रास्त होता. किल्ल्यावर गाड्या जातात त्या उरवाई दरवाजाने, कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्तींच्या पायाशी. टेकडी शंभर मीटरच्या आसपास उंच. आठशे किलो तिथून खाली आणायचे म्हणजे जवळजवळ आठ लाख ज्यूल, ताशी ८० वरून चार वेळा थांबण्याइतके. पण ते चार-पाच मिनिटांत आणायचे असतात आणि त्यासाठी गाडीत आधीच एक ब्रेक बसवलेला आहे, फुकट आणि कधीही न तापणारा: दुसरा गियर. दुसऱ्या गियरमध्ये गाडी स्वतःच पाय रोवत उतरते. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चाकांतून जो वास येतो तो शर्यतीचा नसतो, पॅडच्या सुतकाचा असतो.

सगळ्यात घातक गोष्ट मात्र कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती, कारण ती आऱ्यांतून दिसत नाही. मोठ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा. तो ढकलायला ऑईल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. मोठा बसवला तर पेडल दगडासारखं घट्ट. आणि पुढचे ब्रेक एवढे बलवान झाले की मागचे ड्रम फक्त सोबतीला उरतात. गाडी बनवणाऱ्यांनी पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी वजन मोजून केलेली असते. ती मोडली की पावसाळ्यात, ओल्या डांबरावर, पुढची चाकं आधी आवळतात आणि मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी नाकासमोर जाते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, ते हे आवळणं सैल करतं. आमच्या ८०० ला एबीएस नाही. तिला मेव्हण्यांचे श्लोक आहेत.

वकीलसाहेबांना एव्हाना कायदा आठवला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीच्या दाखल्यात जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. दाखल्यात ब्रेकच्या व्यासाची नोंद असते का, यावर मंडळात संध्याकाळपर्यंत वाद चालला. विम्याचा सर्वेअर मात्र वाद घालत नाही, तो फक्त फोटो काढतो. आठ भोकांच्या तबकडीचा फोटो त्याला नक्की आवडला असता.

थांबण्याच्या बाबतीत ग्वाल्हेरची परंपरा मुळात निराळी आहे. जयविलासमध्ये जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी आहे. डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी नावाची अक्षरं, वर काचेच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालायला लागायची. ब्रेकची याहून सभ्य रचना मी ऐकलेली नाही. एका मेजवानीत मात्र यंत्र बिघडलं आणि ती सुसाट सुटून पाहुण्यांवर रस्से उडवत फिरली, असंही सांगतात. दुसरी परंपरा दोन फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीची. ती ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंतचं सुमारे दोनशे किलोमीटरचं अंतर अख्खा दिवस घेऊन कापायची. छतावर माणसं असायची, आणि चालू गाडीतून उतरून पुन्हा चढल्याच्या कथा घरोघरी आहेत. २०२० मध्ये ती बंद झाली. तिच्या ब्रेकविषयी कुणाची कधी तक्रार ऐकली नाही, कारण ते लागले की नाही हे कुणाला कळतच नसे.

अखेर भाच्याचं मन वळलं, पण माझ्या व्याख्यानाने नव्हे. उस्तादने एका कॅलिपरच्या पाठीवर ग्राइंडर टेकवला, ठिणग्या उडाल्या, आणि नेमके त्याच वेळी मेव्हणे स्कूटरवरून दुकानासमोर आले. त्यांनी ॲक्सिलरेटर बराच आधी सोडला होता, त्यामुळे त्यांना सगळं सावकाश पाहायला मिळालं. ते काहीच बोलले नाहीत. फक्त खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून त्यांनी ती आपल्याच जानव्याला बांधली.

मग जे आधीच करायला हवं होतं ते झालं. ८०० च्याच मापाच्या नव्या तबकड्या आल्या, चांगल्या कंपनीचे पॅड आले, मागच्या ड्रमचे लेदर बदलले. ब्रेक ऑईल काढलं तर ते काळ्या चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑईल हवेतलं पाणी पिऊन घेतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर किमान १४० वर येतं. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. ग्वाल्हेरच्या पंचेचाळीस अंशांच्या जूनमध्ये हे ऑईल किती वर्षं आत होतं, ते मेव्हण्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. डॉट ४ भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, बरे टायर घातले. ब्रेक इतका चोख लागू लागला की पहिल्या दिवशी भाच्याची टोपी समोरच्या काचेवर गेली. या सगळ्याचा खर्च मायापुरीच्या पोत्याहून कमी आला.

आणि उस्तादने, आपल्या शब्दाला जागून, मूळच्या लहान कॅलिपरला लाल रंग दिला. आऱ्यांतून तो फार शोभतो. मंडळ रोज संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गाडी दाखवतं आणि सांगतं, “स्विफ्ट का है. बैठ गया.”

तर वाचकहो, आपल्या गाडीचं ब्रेक ऑईल दोन वर्षांहून जुनं असेल तर आजच बदला, आणि किल्ल्यावरून उतरताना दुसरा गियर सोडू नका. स्विफ्टच्या दोन तबकड्या, प्रत्येकी आठ भोकांच्या, आमच्याकडे विकायला आहेत. कॅलिपर विकायचे नाहीत. एक घासलेला आहे, आणि दुसरा एकटा कुणाच्या उपयोगाचा नाही. गिऱ्हाइकाने चौदा इंची चाकं असतील तरच यावं, आणि येताना कणीक घरून आणावी.